पेशंटचं सगळं लिहिता, स्वतःचं कधी लिहिणार?

मागच्या महिन्यात म्हटलं होतं की पेशंटच्या आजारांचे प्रश्न खूप झाले, आता नर्स मंडळींनी स्वतःच्या तब्येतीचे प्रश्न पाठवा, तर एवढी पत्रं आणि मेल येतील असं वाटलं नव्हतं. त्यातल्या अर्ध्याहून जास्त जणींनी पहिल्याच ओळीत लिहिलंय "नाव छापू नका". मी स्वतः ३४ वर्षं सरकारी वॉर्डात काढली, शेवटची काही मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सची प्रमुख, म्हणून, त्यामुळे ही भीती कुठून येते ते मला चांगलं माहितीये. नावं कुणाचीच छापत नाहीये, फक्त गावं ठेवलीत. जमतील तेवढे प्रश्न घेतलेत.

प्रश्न : मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाले आणि आठ महिने झाले एका खाजगी नर्सिंग होममध्ये आहे. चार दिवसांपूर्वी इंजेक्शन देऊन झाल्यावर सुईला परत कॅप लावताना बोटात घुसली. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या पेशंटचे रिपोर्ट निगेटिव्ह आहेत, स्पिरिट लाव आणि कामाला लाग, सरांना सांगू नकोस उगाच ओरडतील. मला रात्री झोप येत नाहीये. आता काही करता येईल का? (मिरज)

बाळ, तुझा मेल आला त्याच दिवशी तुला फोन करून सगळं सांगितलंय, इथे लिहितेय ते बाकीच्यांसाठी, कारण अगदी हाच किस्सा माझ्याकडे या महिन्यात पाच जणींनी लिहिलाय आणि प्रत्येकीत ते स्पिरिट आहेच.

तर सुई टोचली की सगळ्यात आधी हातातलं काम दुसरीला द्यायचं आणि नळाखाली साबण लावून नीट धुवायचं. बोट दाबून दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात तर अजिबात घालायचं नाही (हसू नका, निम्म्या मुली आपोआप घालतात), ब्लीच, डेटॉल, स्पिरिट काही चोळायचं नाही, त्याने आग सोडून काही होत नाही. डोळ्यात रक्त उडालं तर नुसत्या पाण्याने किंवा सलाईनने भरपूर धुवायचं. आणि मग लगेच सांगायचं. लगेच म्हणजे ड्युटी संपल्यावर नाही, त्याच तासाला, कारण एचआयव्हीसाठी ज्या प्रतिबंधक गोळ्या असतात, पीईपी म्हणतात त्याला, त्या पहिल्या दोन तासांत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगलं आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा. सरकारी हॉस्पिटलात या गोळ्या मिळतात, तुमच्या नर्सिंग होममध्ये नसतील तर रिक्षा करून जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी जा.

आता घाबरवण्यासाठी नाही पण अंदाज यावा म्हणून आकडे सांगते. पेशंटला एचआयव्ही आहे आणि त्याचीच सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात साधारण ३. हिपॅटायटिस सीची शंभरात २ किंवा त्याहूनही कमी. पण हिपॅटायटिस बीची, तुम्ही लस घेतलेली नसेल तर, शंभरात ३० पर्यंत जाऊ शकते. बघा, आपण सगळ्या घाबरतो एचआयव्हीला आणि खरा दांडगा आहे तो बी. वाळलेल्या रक्ताच्या थेंबातसुद्धा तो आठवडाभर तग धरतो. आणि नेमकी त्याचीच लस आहे, तीन डोस, पहिला, मग एक महिन्याने, मग सहाव्या महिन्याला. तिसरा डोस बहुतेकींचा राहतोच, तोवर नोकरी बदललेली असते. तीन झाले की महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लस अंगात किती लागू पडली त्याची रक्ततपासणी, करून घ्या, १० च्या वर आला तर निर्धास्त. कमी आला तर परत कोर्स करतात, त्यात लाजायचं काही नाही.

मिरजेच्या मुलीचे ७२ तास गेले होते, पण तिचे लसीचे दोनच डोस झाले होते, म्हणून तिला त्याच दिवशी पाठवलं, कारण बीसाठीचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, २४ तासांत दिलेलं बरं असलं तरी सात दिवसांपर्यंत देतात. सोबत स्वतःच्या रक्ताची तपासणीही आजच करायची, मग सहा आठवडे, तीन महिने, डॉक्टर म्हणतील तर सहा महिने. आजची तपासणी कशाला, असं तिने विचारलं. अगं, उद्या काही निघालंच तर "हे तुला आधीपासूनच होतं" असं कुणी म्हणू नये म्हणून. आणि पेशंटचा रिपोर्ट निगेटिव्ह होता हे चांगलंच, पण रिपोर्ट कधीचा, आणि लागण नवी असेल तर काही दिवस टेस्टमध्ये दिसतच नाही, विंडो पीरियड आपण पहिल्या वर्षाला शिकलोय ना. सीला प्रतिबंधक काही नाही पण आता तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, बहुतेकांचा कोर्स १२ आठवड्यांचा, आणि सरकारी कार्यक्रमात फुकट आहे.

आता इन्चार्ज सिस्टरांबद्दल. बाई वाईट नसतील, त्यांनाही त्यांच्या इन्चार्जने तेच सांगितलं असणार. पण एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा आहे, त्यात आरोग्यसेवा देणाऱ्या प्रत्येक संस्थेने कर्मचाऱ्यांना सुरक्षेची साधनं, ट्रेनिंग आणि गरज पडली तर पीईपी द्यायचीच आहे. बायोमेडिकल वेस्टचे २०१६ चे नियम म्हणतात की कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस आणि वर्षातून एकदा हेल्थ चेकअप. म्हणजे मावशी आणि मामा, आपल्या आया आणि वॉर्डबॉयसुद्धा. सिस्टर, तुमच्याकडच्या मावशींची लस झालीये का, विचारा एकदा. माझ्या वॉर्डात कचऱ्याच्या पिशवीतून बाहेर आलेली सुई मावशींच्या पोटरीत घुसली होती, आणि ती सुई पिशवीत टाकणारी आमच्यातलीच कुणीतरी होती, सुया टाकायच्या पांढऱ्या डब्यापर्यंत चार पावलं जायचा कंटाळा.

कॅप परत लावायचीच नाही. हब कटर (सुई कापायचं यंत्र) नाहीतर पांढरा डबा, तो ट्रॉलीवर सोबत न्यायचा, पाऊण भरला की बंद. अगदीच लावावी लागली तर कॅप ट्रेमध्ये ठेवून एका हाताने सुईने उचलायची, दुसरा हात पाठीमागे.

आणि लेखी द्या. दोन ओळी, तारीख, वेळ, कुठली सुई, कुणाला सांगितलं. पेशंटला ताप ९९ आला तरी आपण टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर टिंब काढतो आणि स्वतःच्या बोटात सुई गेली तर कागद नाही. नोकरीत अशी लागण झाली तर भरपाईच्या कायद्यात आरोग्यसेवेतल्या कामातून लागलेले संसर्गजन्य आजार हे व्यवसायजन्य आजार म्हणून धरलेले आहेत, हे कित्येकींना माहितीच नसतं. पण दाखवायला त्या दिवसाचा कागद पाहिजे.

प्रश्न : आयसीयूत ११ वर्षं झाली. कंबर गेलीये. पट्टा लावून ड्युटी करते. नाईटला वॉर्डबॉय एकच आणि तो तीन मजल्यांना, मग ८०-९० किलोचा पेशंट आम्ही दोघीच वर सरकवतो. डॉक्टर म्हणतात वजन उचलू नका. (नाशिक)

"वजन उचलू नका" हे नर्सला सांगणं म्हणजे कोळ्याला पाण्यात जाऊ नका सांगण्यासारखं आहे. आधी एक सांगते, पायात मुंग्या येऊन जोर कमी वाटत असेल, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटल्यासारखा किंवा बसायच्या जागी बधिर वाटत असेल तर हे पान बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हाडांच्या किंवा मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा, ती इमर्जन्सी आहे.

तसं नसेल तर पुढे वाचा. आपल्याला कॉलेजात शिकवलं गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, ते बरोबरच आहे पण ते खोक्यांसाठी चालतं, पेशंट म्हणजे खोकं नाही, तो मध्येच हात पसरतो, गळ्याला धरतो, सलाईन ओढतो. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेतल्या तज्ज्ञांनी हिशोब मांडला तेव्हा पेशंट हाताने उचलायची मर्यादा साधारण १६ किलो निघाली. सोळा! आपल्याकडे त्याहून जड तर नातेवाइकांच्या पिशव्या असतात. म्हणजे तुमची पद्धत चुकली म्हणून कंबर गेली असं मनात आणू नका, ते वजनच दोघींचं नव्हतं.

मग करायचं काय. उचलायचं नाही, सरकवायचं. पेशंटखाली खांद्यापासून मांड्यांपर्यंत ड्रॉशीट, म्हणजे आडवी घातलेली चादर, कायम ठेवा, दोन्ही बाजूंनी गुंडाळून धरा, बेड आधी पूर्ण सपाट करा (डोक्याकडचा भाग वर ठेवून पेशंटला वर ओढणं म्हणजे चढावर गाडी ढकलणं), क्रँक फिरवून बेड कंबरेइतका वर घ्या. पुष्कळ वॉर्डात तो क्रँक गंजलेला असतो, त्याचं रिपेअरिंग हे तुमच्या कंबरेचं औषध आहे म्हणून इंडेंटमध्ये (मागणीपत्रात) लिहा आणि मागे लागा. रबरी मॅकिंटॉशवर चादर चिकटते, तिथे स्लाईड शीट (सरकवायची गुळगुळीत चादर) मिळाली तर उत्तम, महाग नसते. पेशंट शुद्धीवर असेल तर त्याला गुडघे वाकवून पाय रोवायला सांगा, एक दोन तीन म्हणा, बरेच पेशंट स्वतःच अर्धे वर जातात, आपण विचारतच नाही त्यांना.

पट्ट्याबद्दल सांगते, दुखणं जोरात असेल तेव्हा डॉक्टरांनी सांगितला तर थोडे दिवस ठीक, पण वर्षानुवर्षं लावून कंबर वाचते असं काही दिसलेलं नाही, उलट पट्टा आहे म्हणून आपण जास्त उचलतो. फिजिओथेरपिस्टकडून पोट-पाठीचे व्यायाम शिकून घ्या, आणि दुखतंय म्हणून आठ आठ दिवस झोपून राहू नका, हलतं राहिलेलं बरं. नाईटच्या माणसांबद्दल सगळ्या जणींच्या सहीने द्या, एकटीने दिलं की "हिचीच कंबर दुखते" होतं.

पायाच्या शिरा फुगलेल्यांची पण तीन पत्रं आहेत, त्यांना एवढंच, डॉक्टरांना विचारून कॉम्प्रेशनचे मोजे घ्या आणि ते सकाळी उठल्याबरोबर पाय सुजायच्या आधी घाला, घरी आल्यावर पाय उशीवर. आणि ड्युटीत पाणी प्या गं बायांनो, बाथरूमला जायला वेळ मिळत नाही म्हणून आठ तास पाणी न पिणाऱ्या किती जणी युरीन इन्फेक्शन घेऊन माझ्यासमोर बसल्यात.

प्रश्न : आमच्या स्टाफच्या ग्रुपवर आलं की नाईट ड्युटीने कॅन्सर होतो. खरं आहे का? माझी पाळी पण नाईटच्या महिन्यात मागेपुढे होते. (लातूर)

फॉरवर्डमध्ये खरं किती आणि मसाला किती ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था आहे, आयएआरसी, त्यांनी २००७ मध्ये आणि परत २०१९ मध्ये नाईट शिफ्टला "बहुधा कॅन्सरकारक" गटात ठेवलंय, मुख्यतः स्तनाच्या कॅन्सरवरच्या अभ्यासांवरून. त्याच गटात मटण-बीफसारखं लाल मांसही आहे. हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही, आणि तो फरक ग्रुपवर कुणी सांगत नाही. म्हणजे दुर्लक्ष करू नका पण नाईट लागली म्हणून रडूही नका. गाठ, स्तनाग्रातून स्राव, कातडी ओढल्यासारखी दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा, "ऑफ मिळाला की बघू" नको.

पाळी मागेपुढे होणं नाईटवाल्यांत दिसतं, पण दोन-तीन महिने आलीच नाही किंवा खूप जातंय तर नाईटवर ढकलून गप्प बसू नका, थायरॉईड, हिमोग्लोबिन बघा.

मी स्वतः काय करायचे ते सांगते, पटलं तर घ्या. पहाटे तीननंतर चहा बंद (कठीण आहे, माहितीये). दोघी असलो तर आळीपाळीने वीस-पंचवीस मिनिटं डोळे मिटायचे, एकीने पेशंट बघायचे, आणि हे चोरून न करता ठरवून केलं तर पेशंटलाही बरं. घरी जाताना गॉगल, उन्हाने झोप उडते म्हणून. आल्यावर हलकं खाऊन पडदे लावून झोप, स्वयंपाक नंतर. इन्चार्जना एक विनंती, ड्युटी लिस्ट लावताना मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाईट असा क्रम लावा, शरीराला तो सोपा जातो, उलटा लावला की हाल होतात. आणि नाईट सुटल्यावर डोळे जड असतील तर स्कूटी तिथेच राहू दे, बसने जा. माझी एक मैत्रीण सकाळी साडेआठला, लख्ख उजेडात, दुभाजकावर गेली होती. वाचली, पण हातात अजून प्लेट आहे.

प्रश्न : मी ब्रदर आहे, छातीच्या आजारांच्या वॉर्डात. आम्हाला साधे मास्क देतात, एन-९५ मागितला तर "कोविड संपला" म्हणतात. लहानपणी बीसीजी झालीये, मग टीबीची काळजी करायची गरज आहे का? (अकोला)

आहे. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते, मोठेपणी फुफ्फुसाच्या टीबीपासून तिचा फार भरवसा नाही.

साधा मास्क पेशंटला घाला, एन-९५ तुम्ही घाला, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी उलटं चालतं किंवा दोघांनाही साधाच. साध्या मास्कने पेशंटचे थेंब बाहेर उडत नाहीत, पण हवेत तरंगणारे बारीक कण तुमच्या नाकात जायचे थांबत नाहीत. आणि ब्रदर, दाढी आहे का? दाढीवर एन-९५ बसत नाही, कडेने हवा आत येते, मग तो घातला काय न घातला काय. ओला झाला, फाटला, सैल झाला की टाकायचा, तोवर कागदी पाकिटात स्वतःचं नाव लिहून ठेवायचा, धुवायचा नाही.

पण मास्कपेक्षा मोठी गोष्ट फुकट आहे, ती म्हणजे खिडक्या. थंडीत नातेवाईक त्या बंद करतात, तुम्ही उघडा. टेबल असं ठेवा की वारा आधी तुमच्याकडे आणि मग पेशंटकडे जाईल, फॅनचं तोंडही तसंच. बेडका बाहेर मोकळ्यावर घ्यायला लावा, बाथरूममध्ये नको. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं यातलं काही झालं तर स्वतःची बेडका तपासणी करा, सरकारी दवाखान्यात मोफत आहे. आपल्या लोकांना वाटतं, हॉस्पिटलात खोकला होतोच.

प्रश्न : कॅन्सरच्या डे केअरमध्ये आहे, केमोची औषधं आम्हीच भरतो. आत्ता दुसरा महिना लागलाय, घरी सोडून कुणाला सांगितलेलं नाही. (पुणे)

अभिनंदन, आणि उद्याच सांग. तिसरा महिना होईपर्यंत सांगायचं नाही ही पद्धत घरच्यांसाठी ठीक आहे, पण बाळाचे अवयव तयार होतात ते याच आठवड्यांत आणि केमोची काही औषधं नेमकी तेव्हाच त्रास देतात, गर्भपाताचा धोकाही वाढतो. मेट्रनना एकटीने भेटून लेखी दे, औषध भरणं, लावणं, सांडलेलं पुसणं आणि त्या पेशंटची लघवी-उलटी हाताळणं, यातून बदली पाहिजे म्हणून. शेवटचं सगळे विसरतात, औषध दिल्यावर साधारण ४८ तास ते पेशंटच्या लघवी-उलटीतून बाहेर पडत असतं. मेथोट्रेक्सेटची (तेही केमोचंच औषध) गोळीसुद्धा तू कुणाला तोडून, कुटून देऊ नकोस. बाकीच्या स्टाफलाही औषध भरायचं बंदिस्त केबिनेट, दोन हातमोजे, गाऊन हे पाहिजेच, टेबलावर व्हायल फोडणं बंद करा. आणि पुढे, बाळंतपणाच्या तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्या मागचा एक महिना तू तशी मागणी केलीस तर जड किंवा खूप वेळ उभं राहायचं काम तुला देता येत नाही, हे कायद्यात आहे, लक्षात ठेव. पोर्टेबल एक्स-रे काढताना वॉर्डाबाहेरच जा, इतर वेळीही दोन मीटर तरी लांब.

प्रश्न : हात धुऊन धुऊन भेगा पडल्यात, रक्त येतं. (सावंतवाडी)

हात दिसायला स्वच्छ असतील तर दर वेळी साबण नको, हँडरब वापरा, तो साबणापेक्षा कातडीला सोपा जातो, भेगांवर झोंबतो म्हणून आपल्याला उलट वाटतं. ड्युटीनंतर आणि झोपताना जाड मलम, साधं पेट्रोलियम जेली चालेल. ग्लोव्ह्ज घातल्यावर खाज, अंगावर गांधी, शिंका, दम यातलं काही येत असेल तर रबराची, म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी तपासा आणि नायट्राईलचे मागा. भेगा उघड्या असतील तर रक्ताच्या कामाला आधी वॉटरप्रूफ पट्टी.

प्रश्न : नातेवाईकांनी पेशंट गेल्यावर मला धक्काबुक्की केली. मॅनेजमेंट म्हणते मिटवून टाका, नाव खराब होईल. (छत्रपती संभाजीनगर)

मारलं त्यांनी आणि नाव खराब होणार तुमचं, वा. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी वेगळा कायदा आहे, त्यात फक्त डॉक्टर नाही, नर्स आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनीसुद्धा येतात, खाजगी हॉस्पिटलही येतं. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, तोडफोडीची दुप्पट भरपाई. आधी कॅज्युअल्टीत स्वतःला तपासून घ्या, मुका मार असला तरी कागद करा, सीसीटीव्हीचं फुटेज लेखी मागा, ते काही दिवसांनी पुसलं जातं. त्रास सहकाऱ्याकडून किंवा डॉक्टरकडून, आणि लैंगिक स्वरूपाचा असेल तर २०१३ चा कायदा, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती पाहिजेच, तक्रार तीन महिन्यांच्या आत.

इथे मला नेहमी मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातली नर्स अरुणा शानबाग आठवते. २७ नोव्हेंबर १९७३ ला ड्युटी संपवून कपडे बदलायला हॉस्पिटलच्या तळघरात गेली आणि तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला, त्यानंतर ती कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ ला ती गेली, तोवर जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या नर्सनी पिढ्यानपिढ्या तिला सांभाळलं. तिच्या सेवेबद्दल सगळे बोलतात, बोलायलाच पाहिजे. मी मात्र नवीन हॉस्पिटलात गेले की अजून आधी विचारते, चेंजिंग रूम कुठे आहे, दिवा लागतो का, आतून कडी आहे का.

प्रश्न : सून हॉस्पिटलात नर्स आहे. घरात नातू दोन वर्षांचा. ती आली की जंतू येतात का, कपडे वेगळे धुवावे का? ती दिवसा झोपते तेव्हा शेजारणी नावं ठेवतात. (बार्शी)

आजी, तुमचं पत्र सगळ्यात आवडलं. युनिफॉर्म तिने तिथेच बदलून पिशवीत आणावा, घरी वेगळा, गरम पाण्यात साबणाने धुवून कडक उन्हात वाळवावा, एवढं पुरतं. चप्पल दाराबाहेर. आल्यावर हात धुऊन मगच नातू, आणि मोबाईल पुसायला सांगा, वॉर्डातला खरा घाण तो असतो. अंघोळ करून आली की खुशाल मांडीवर द्या. तिचे लसीचे डोस झालेत का ते मात्र तुम्हीच विचारा, सासूने विचारलं की मुली लवकर घेतात.

आणि ती नाईट करून झोपली की दाराची बेल बंद करून ठेवा. शेजारणींना सांगा, पोळीभाजी संध्याकाळी मिळेल.